शरदची तलवार, माझी निळी पट्टी

माझ्या धाकट्या जावेचा, सुनंदाचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. “ताई, ह्यांना कंपनीतून दवाखान्यात नेलंय,” एवढंच ती बोलली. तासाभराने दुसरा फोन आला, तो तिच्या भावाचा होता. माझा धाकटा दीर शरद सातपूरच्या कारखान्यात लेथ मशीनवर काम करता करता कोसळला तो उठलाच नाही... याला आता पाच आठवडे झाले. दुपारचे चार वाजले की माझे कान अजून जिन्याकडे लागतात, आणि मग माझा मलाच राग येतो.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा शरद दहावीत होता. त्याचं गणित मी पक्कं करून घेतलं, म्हणून दीर असला तरी त्याला कायम अरे-तुरेच केलं. तीन वर्षांपूर्वी हे गेले आणि घर इतकं गप्प झालं की फ्रिजचा आवाजसुद्धा सोबतीसारखा वाटायचा. अशात एके दुपारी पहिली शिफ्ट संपवून शरद पिशवी घेऊन आला. पिशवीत त्याच्या लेकीने हॉस्टेलला जाताना मागे ठेवलेला व्हिडिओ गेम होता. “वहिनी, हा एकट्याने खेळताच येत नाही. बसा जरा माझ्यासोबत,” तो म्हणाला. हे साफ खोटं होतं, पण ते मला कळेपर्यंत मी पुरती अडकले होते.

त्या गेममध्ये राक्षस होते, पडके किल्ले होते, धुक्यात हरवलेली गावं होती. आधी आपलं पात्र घडवायचं, मिळालेले गुण हवे तिथे वाटायचे. शरदने सगळे गुण ताकदीत आणि दमात घातले. जाड चिलखत, खांद्यावर हातभर रुंद तलवार. मी निवृत्त शिक्षिका, चाळीस मुलांमधून नेमक्या बोलणाऱ्याच्या डोक्यावर खडू मारण्यात आयुष्य गेलेलं, मी जादूगारीण झाले. अंगावर नुसता झगा, दोन फटक्यांत खेळ खलास, पण लांबून अचूक नेम. पडद्यावर कोपऱ्यात एक निळी पट्टी असे, ती माझी मंत्रशक्ती. शरदला माझी निवड मुळीच पटली नव्हती. “तुमचा मंत्र पुटपुटून होईपर्यंत राक्षस जेवून हात धुवून जाईल! मी जन्मभर लोखंडाला हात लावून काम केलंय वहिनी. लांबून काही होत नसतं.” मी म्हणायचे, “अरे, सगळेच पुढे घुसले तर मागचं कोण बघणार?” चहा निवून जायचा, वाद संपायचा नाही. एकदा तर शेजारच्या काकू आमचं खरंच भांडण झालं असं समजून दार वाजवायला आल्या.

एक गोष्ट मात्र त्याने बरोबर पकडली होती. मी जादू वापरतच नसे. जादूगाराला जोडीदाराची जखम भरून काढणाऱ्या औषधाच्या बाटल्या मिळत. त्या मी पिशवीत साठवत राहिले. अडीअडचणीला लागतील, पुढे मोठा राक्षस असेल... शरद हाती येईल ते त्याच लढाईत उधळायचा आणि हसायचा. लढाई झाली की आम्ही त्या गेममधल्या तळ्याकाठी जाऊन उभे राहायचो. तिथला सूर्य मावळायला आला तरी मावळत नसे. पाण्यावर केशरी उजेड पसरलेला असे, आणि शरद हळूच म्हणायचा, “गंगापूर धरणासारखंच आहे नाही? दादा न्यायचा आपल्याला...” मी हं म्हणायचे. अर्धा-अर्धा तास आम्ही काहीही न करता त्या उजेडाकडे बघत बसलोय. बाहेरची दुपार कुठली आणि आतली कुठली, हेही कधी कधी उमगत नसे.

मला त्याला एक सांगायचं होतं. त्या दुपारी नसत्या तर मी अंथरुणातून उठलेच नसते, हे. पण दिराला असं एकदम कसं म्हणायचं? पुढच्या वर्षी तो निवृत्त होणार होता. तेव्हा सगळ्यांसमोर चार वाक्यं बोलेन, असं मी ठरवून टाकलं होतं. गेला त्याच्या दोनच दिवस आधी आम्ही एका अजगराशी लढत होतो. “वहिनी, मागे राहा, मी घुसतो!” म्हणत तो पुढे गेला आणि पडला. माझी निळी पट्टी तेव्हा काठोकाठ भरलेली होती. “मी मेलो आणि तुमची पिशवी फुटायला आलीये! लोणचं घालताय का त्या बाटल्यांचं?” तो पोट धरून हसला. मीही हसले.

तेरावं झाल्यावर मी सुनंदाला सगळं सांगितलं, की तो माझ्यासाठी यायचा आणि मी साधे आभारही मानले नाहीत. ती पदराचं टोक चाळवत राहिली. मग म्हणाली, “तुमच्यासाठी तर यायचेच ताई. पण मोठे दादा गेल्यापासून हे घरात धड बोलत नव्हते. तुमच्याकडून आले की तेवढे जेवायचे. म्हणायचे, वहिनीकडे बसलं की दादा आतल्या खोलीत पेपर वाचतोय असं वाटतं.”

मला वाटत आलं की तो मला सांभाळतोय. त्याच्याही अंगावर तोच घाव होता, आणि मी मागे उभी राहून तो कधी पाहिलाच नाही.

काल चार वाजता मी टीव्ही लावला. माझा कंट्रोलर एका हातात, त्याचा मांडीवर. त्याचं बटण दाबलं तसा तो तळ्याकाठी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, चिलखतासकट. त्याची तब्येतीची पट्टी पूर्ण भरलेली होती, कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. मी पहिली बाटली त्याच्यावर ओतली. हिरवट उजेड त्याच्या खांद्यांवरून ओघळला आणि विझला, बदललं काहीच नाही. मी दुसरी ओतली... तिसरी... पिशवी रिकामी होईपर्यंत थांबले नाही.