म्हशीपासून डावीकडं

पंक्चरच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. फाटक्या ट्यूबा आणि किस्से. माझं दुकान कोल्हापुरात ऐन चौकात. तिथनं आत गेलं की दूध संशोधन केंद्र. तेव्हा मोबाईल नव्हते आणि केंद्राला बोर्डही नव्हता. त्यामुळं बाहेरगावचा प्रत्येक पावणा पत्ता आम्हालाच विचारायचा. आता सांगा, चूक कुणाची?

*

शेजारचा पानवाला तात्या पत्ता तोंडानं सांगायचाच नाही. "चला, दावतो की!" म्हणून थेट गाडीत बसायचा. एकदा पुण्याच्या एका मॅडमना घेऊन केंद्रावरनं पुढं गेला, ते डायरेक्ट हुपरीला, सासुरवाडीत!

चहा झाल्यावर म्हणतो, "मॅडम, केंद्र मागंच राह्यलं की. जाताना मला चौकात सोडा."

*

बंगलोरचे एक प्रोफेसर आले. "किती लांब आहे?"

मी म्हटलं, "हे काय, हाकेवर!"

तासभर हिंडून, घामाघूम होऊन परत. "अहो, कुठं आहे केंद्र?"

"हाक मारलीसा काय?"

*

शेवटी केंद्राच्या साहेबांनी पत्ताच छापून घेतला. 'चौकात म्हशी दिसतील, तिथून डावीकडे.' आमचा धोंडीबा रोज संध्याकाळी चौकात म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढायचा. साहेब ताजं दूध प्यायला यायचे तेही संध्याकाळीच. सकाळी चौकात म्हशी नसतात, हे त्यांना कोण सांगणार? मी? छे!

*

मग मुंबईची कमिटी येणार असं ठरलं. केंद्र इथं ठेवायचं की नागपूरला हलवायचं, ते बघायला. येणार सकाळी, आणि पत्ता गेलेला तोच! सकाळी तिथं म्हशी नसतात, हे साहेबांना तेव्हा कुठं कुणीतरी सांगितलं. साहेब पळत चौकात. "धोंडीबा, उद्या सकाळी म्हैस उभी कर बाबा, नाहीतर केंद्र गेलं!"

धोंडीबानं आणली. पण गाडी येईस्तवर म्हस कंटाळली आणि उजवीकडं, घरच्या वाटेला लागली. धोंडीबा माझ्या दुकानापुढं चपला सोडून बसलेला, तसाच अनवाणी मागं धावला. एवढ्यात गाडी थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "केंद्र कुठं?"

मी नुसतं म्हशीकडं बोट केलं. खोटं काय सांगितलं? छापील पत्त्यात म्हसच होती की! गाडी तिच्या मागोमाग गोठ्याकडं.

साहेब गेटावर हार घेऊन दुपारपर्यंत उभे. संध्याकाळी दूध प्यायला आले, ते चक्रावलेलेच. "कमिटीचा फोन आला. म्हणाले, केंद्र बघून झालं, जनावरं उत्तम, दूध तर फारच छान. केंद्र कोल्हापुरातच राहील. फक्त तुमच्या शास्त्रज्ञांना पायात चपला घालायला सांगा!"