बंद पेटीपाशी आर्लिस

आमच्या आयोवातल्या गावात कुणाचं अंत्यदर्शन असावं आणि आर्लिस टोर्गरसन तिथे नसावी, असं कधी झालं नाही. चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर तिच्याच ताब्यात. माणूस गेला की हिनं हॅम घातलेले पाव आणि लिंबाच्या वड्या करायच्या, कॉफी चढवायची, मग ॲप्रन काढून रांगेत उभं राहायचं. पेटीपाशी पोचलं की गेलेल्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणायचं, "किती शांत दिसतोय, नाही?" हे वाक्य इथे सगळेच म्हणतात. तिथून पुढे बोलणं सुरू होतं. मला आधी हसू यायचं. मेलेला माणूस आणखी कसा दिसणार! पण निम्मं आयुष्य इथे काढल्यावर मीही म्हणायला लागले.

तिचा नवरा डेलमार गुरांचे लिलाव पुकारायचा. तोंडाचा पट्टा असा, की धाप ऐकणाऱ्याला लागावी. पक्षाघातानं त्याचं अर्धं तोंड ओढलं गेलं आणि तो घराबाहेर पडेनासा झाला. भेटायला आलेल्यांनाही आर्लिस दारातूनच वाटेला लावायची. मरण्याआधी त्यानं दोनच गोष्टी सांगितल्या: मला जाळ, आणि हे थोबाड कुणाला दाखवू नकोस. तिनं शब्द दिला.

तो गेल्यावर मैत्रीण म्हणून मी तिच्याबरोबर फ्युनरल होममध्ये, अंत्यविधीची सगळी सोय करणाऱ्यांकडे, गेले. तिथला मालक क्रेग चर्चच्या रविवारच्या शाळेत तिच्याकडे शिकलेला; अजून तिला बाई म्हणतो.

"बाई, दहनच करायचंय तर ते आधी उरकू. मग कलश ठेवून उन्हाळ्यात छोटासा कार्यक्रम करू. ट्रेसीही फोनवर तेच म्हणाली." ट्रेसी म्हणजे आर्लिसची एकुलती एक मुलगी. ती ॲरिझोनात, नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, येणं शक्य नव्हतं.

"उन्हाळ्यात सगळं गाव तळ्यावर असतं," आर्लिस म्हणाली. "आणि राखेच्या डब्यापुढे कोण रांग लावतंय? हेल्गाचा नुसता कलश ठेवला होता, तेव्हा बघितलंस ना? किटलीभर कॉफी ओतून दिली मी."

"मग आधी दर्शन, नंतर दहन. भाड्याची पेटी मिळते. बाहेरून ओकची, आत साधं खोकं. दहनाला खोकं तेवढं जातं."

"भाड्याची? लग्नाच्या सुटासारखी?"

"तशीच."

"डेलमारच्या आधी कोण झोपलं होतं तीत?"

"बाई, असं विचारतात का!"

"आमच्या चर्चमधलं कुणी असतं तर मला कळलं असतं. म्हणजे त्या दुसऱ्या चर्चचं, मेथडिस्ट असणार. असू दे. झाकण मात्र बंद ठेवायचं."

"बंद झाकणापुढे लोकांना अवघडल्यासारखं होतं, बाई."

"होऊ दे. पेटी आहे म्हटल्यावर येतील तरी."

आणि आले की! रांग पार दाराबाहेर गेली. पण इथे झाकण बंद म्हणजे अपघात, नाहीतर स्वतःवरच चालवलेली बंदूक. विचारायची चोरी. शिवाय चेहराच नाही तर ते पहिलं वाक्य म्हणायचं कशावर? माणसं पेटीपाशी यायची, लाकडाकडे बघायची, आर्लिसचा हात दाबायची आणि पुढे सरकायची. घरच्यांच्या जागी ती एकटी. ती जागा घरच्यांचीच असते, म्हणून मी भिंतीशी. सातपर्यंतची वेळ दिली होती. सहाच्या आत खोली रिकामी झाली.

लोक गेले मात्र नव्हते. गाडीतळावर घोळका करून उभे होते. कुणीतरी डेलमारची नक्कल करत एक मारकी गाय लिलावात काढली होती. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. हशा, पुन्हा बोली, पुन्हा हशा. आर्लिस मान वळवून ऐकत होती.

मला राहवेना. बाहेर जाऊन म्हटलं, "हेच आत येऊन बोला की रे! ती एकटी उभी आहे तिथे."

सगळे बुटांकडे बघत राहिले, आणि एकेक करून गाड्यांत बसले.

मी आत आले तेव्हा क्रेग तिच्याशी हळू आवाजात बोलत होता. "बाई, चेहरा मी नीट बसवलाय. जवळजवळ पूर्वीसारखा. अर्धं झाकण उघडतो आणि चार फोन करतो. परत येतील, बसतील."

तिचा हात झाकणावर होता. क्षणभर मला वाटलं, ती हो म्हणणार. म्हणाली असती तर मी दोष दिला नसता.

"जवळजवळ म्हणजे अजून वाकडाच ना?" ती म्हणाली. "राहू दे, क्रेग."

सात वाजेपर्यंत ती तिथून हलली नाही. कुणी आलं नाही. खुर्ची पुढे केली, तर मान हलवून नको म्हणाली.

दहनाची भट्टी शेजारच्या जिल्ह्यात. तिथवर घरचं कुणी जात नाही. क्रेगची गाडी जाते. सकाळी आर्लिस म्हणाली, "मी मागून जाणार."

"मी येते," म्हटलं.

"कशाला तुला त्रास!"

इथे पहिला नकार शिष्टाचाराचा, दुसरा सवयीचा, तिसरा मात्र खरा. मी पुन्हा विचारलं, मग पुन्हा. तिसऱ्यांदाही नको म्हणाली, तेव्हा माझा इलाज संपला.

क्रेगची गाडी निघाली. मागे तिची जुनी ब्यूक, अंत्ययात्रेत लावतात तसे दिवसाढवळ्या दिवे लावून. अंत्ययात्रा दिसली की इथे रस्त्यावरचे लोक गाडी कडेला घेऊन थांबतात. पण मागे एकच गाडी असली तर अंत्ययात्रा कोण समजणार? हमरस्त्याला वळायच्या आधी ती जरा रेंगाळली, तर मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला.