दत्ताचं दहावं प्रकरण

वहिनींचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये डबा उघडत होतो. "भाऊजी, हे गेले..." एवढंच बोलल्या. खरं सांगतो, रडू यायच्या आधी मला दत्ताचा राग आला. पुस्तक अर्धवट टाकून गेला हा माणूस!

कोल्हारचा दत्ता माझा शाळेपासूनचा मित्र. देवळाली प्रवऱ्याला एकाच कॉलेजात तो बारावीला जीवशास्त्र शिकवायचा, मी रसायनशास्त्र. पेशीत प्रथिनं कशी बनतात यावर आपल्याकडच्या पोरांसाठी मराठीत पुस्तक लिहायचं, हा त्याचा ध्यास. नऊ प्रकरणं झाली. दहावं, प्रथिन पुरं कसं होतं याचं. तिथे घोडं अडलं ते अडलंच.

वर्गात मात्र काय रंगायचा! पोरांना चिठ्ठीबरहुकूम मणी ओवायला लावायचा; चिठ्ठी म्हणजे जनुकाचा निरोप, माळ म्हणजे प्रथिन. चिठ्ठीवर 'थांबा' आलं की पोरं हटकून स्वतःच दोरा तोडायची. मग हा ओरडायचा, "अरे, ओवणाऱ्यानं तोडायचं न्हाई! त्यानं नुसतं थांबायचं. माळ तिथंच अडकून ऱ्हाती. सोडवणारा दुसरा येतो." हा दुसरा म्हणजे रिलीज फॅक्टर, तोही एक प्रथिनच. थांब्याच्या खुणेपाशी येऊन बसतो, पाण्याच्या एका रेणूच्या मदतीनं शेवटचा दुवा तोडतो, आणि तयार साखळी मोकळी होते.

इतकं सोपं सांगणारा माणूस कागदावर का अडावा? सहा वर्षं मी त्याच्यापुढे डोकं फोडलं. "दे बाबा आता, छापून टाकू." "अजून जमलं न्हाई, लेका." एकदा तर चिडून महिनाभर बोललो नाही त्याच्याशी. आता वाटतं, तो महिना तरी...

तेराव्यानंतर वहिनींनी एक पिशवी हातात दिली. आत दहावं प्रकरण, चौदा वेळा लिहिलेलं. सगळ्यात जुन्या प्रतीवर लाल शाईत माझं अक्षर होतं : 'पोरांना कळणार नाही.' पेपर तपासता तपासता, दोन पानं वरवर चाळून मी ते खरडलं होतं. पुढचं वाचलंही नव्हतं. मी विसरून गेलो, आणि हा शहाणा तेच धरून बसला! अरे, एकदा तोंडावर शिव्या घालायच्या होत्यास. भांडायचं होतंस.

परवा वर्गात तीच जुनी प्रत घेऊन गेलो. काना-मात्रा न बदलता वाचली आणि विचारलं, "कळलं का?"

पहिल्या बाकावरची मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "यात न कळण्यासारखं काय हाय, सर?"