हातरुमालातला कॉर्नेट

रेवतीनं माझ्या हातातून कॉर्नेट, ट्रम्पेटसारखा पितळी बाजा, काढून घेतला. सावकाश, हसत. मग टेबलावरच्या पाकिटातून ओला टिश्यू काढला आणि जिथं माझे ओठ टेकले होते ती जागा पुसली. एकदा नाही. तीनदा.

"अगं, तोंडाला नको लावूस," ती म्हणाली. "अँटिक आहे. माझ्या पणजोबांचा."

सिंगापूरला मरीन परेडमध्ये तिचा कॉन्डो. बाराव्या मजल्यावरून समुद्र दिसतो. सोफ्यावर तिची आई बसलेली, पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेली. शेजारी रेवतीची मुलगी इरा, सात वर्षांची. इरानं मान वर करून विचारलं, "ममा, आंटी कॅन प्ले ऑर नॉट?"

उत्तर तिच्या आजीनं दिलं. "येत असेल की. त्यांच्यात लग्नाला वाजवतातच ना. उपजतच असतं ते."

कौतुकानं म्हणाल्या. माझं आडनाव त्यांना पहिल्या भेटीतच कळलं होतं आणि आडनावावरून बाकीचं.

आणि मी हसले. पीएचडी झालेली, वन-नॉर्थच्या प्रयोगशाळेत आवाजावर संशोधन करणारी बाई मी. मी हसून "हो ना" म्हणाले. टिश्यूपेक्षा ते "हो ना" मला जास्त सलतं.

आता खरं सांगते. मला रेवतीचा हेवा वाटतो. वाटायचा नाही, वाटतो. तिच्या समुद्राचा नाही. नवऱ्याच्या पदाचाही नाही. मी चोआ चू कांगला एका एचडीबी, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या, फ्लॅटमध्ये एक खोली भाड्यानं घेऊन राहते आणि तिथं मजेत आहे. मला हेवा वाटतो तिच्या पणजोबांचा. फ्रेममध्ये मढवलेले पणजोबा. अप्पासाहेब. त्यांचा फोटो आहे, रेकॉर्ड आहे, पत्रं आहेत, पितळी कॉर्नेट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मुंबईत त्यांनी जॅझचा ऑर्केस्ट्रा उभा केला आणि इथं सिंगापूरच्या एका हॉटेलात आणून वाजवला. आपण कुठून आलो हे रेवतीला कुणाला विचारावं लागत नाही. भिंतीकडे बघितलं की झालं.

माझा पणजोबाही सिंगापूरला येऊन गेला होता. कॉर्नेटच वाजवायचा. पण आमच्या भिंतीवर कोण असणार? भिंतच मातीची होती, दर दोन पावसाळ्यांनी नवी घालावी लागायची.

गेनू त्याचं नाव. आम्ही मांगाची माणसं. गावातल्या प्रत्येक लग्नाला आमची सनई लागायची, पण मांडवाच्या बाहेर. नवरा-नवरीच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत गाल फुगवून वाजवायचं आणि मग सगळ्यांची जेवणं होईपर्यंत उन्हात बसून राहायचं. सनईला कुणी हात लावायचं नाही. का, तर तिला आमची थुंकी लागलेली. सूर चालायचा. थुंकी नाही.

गेनू पोरवयातच मुंबईला पळाला. लग्नाच्या बँडमध्ये लागला आणि तिथं कॉर्नेट शिकला. एका हॉटेलच्या भटारखान्याच्या दारात उभा राहून त्यानं परदेशी वादकांचं जॅझ ऐकलं. नोटेशन वाचता येत नव्हतं. ऐकायचा आणि चाळीच्या गच्चीवर जाऊन तेच काढायचा, मग त्याहून वेगळं काढायचा. एका साहेबानं त्याला हेरला, आपल्या ऑर्केस्ट्रात घेतला, बोटीनं सिंगापूरला नेला. हॉटेलात शिरायचा भटारखान्याच्या दारानं, स्टेजवर मात्र पांढरा कोट. लढाईची हवा सुरू झाली तसा परतला आणि पुन्हा वराती वाजवू लागला. वरातीत मध्येच जॅझ घुसवायचा. ठेका असा तिरका पडायचा की नवरदेवाच्या घोड्याचं पाऊल चुकायचं आणि वरबाप शिव्या घालायचा. शेवटी फुप्फुसं गेली. त्याचा कॉर्नेट त्या साहेबाकडेच राहिला होता.

हे सगळं आमच्याकडे तोंडी. साहेबाचं नावही कुणाला आठवत नव्हतं. चौथीत असताना मी वर्गात उभी राहून सांगितलं, माझा पणजोबा सिंगापूरला बाजा वाजवायला गेला होता. गुरुजी म्हणाले, "वाजंत्री बोटीत बसले होय? वल्हवायला नेलं असेल." वर्ग हसला. मी घरी येऊन बाबांना म्हटलं, मला असलं खोटं सांगत जाऊ नका. बाबा काही बोलले नाहीत. ते नगरपालिकेत शिपाई होते आणि लग्नसराईत बँडमध्ये वाजवायचे.

तोंडी गोष्टीशिवाय गेनूकडून एकच वस्तू आमच्यापर्यंत आली. दम. म्हणजे श्वास न तोडता वाजवायची रीत. गालात वारा साठवायचा आणि तो बाहेर ढकलत असतानाच नाकानं नवा घ्यायचा. ती शिकायला पपईच्या पानाचा देठ लागतो. देठ पोकळ असतो. त्याचं एक टोक पाण्याच्या तांब्यात बुडवायचं, दुसरं तोंडात धरायचं आणि फुंकत राहायचं. बुडबुडे थांबले की बाबा पाठीत हलकी थाप मारायचे. पुन्हा. मी मुलगी म्हणून सुटले नाही. सहाव्या वर्षी मी बाबांची अख्खी विडी संपेपर्यंत बुडबुडे काढायचे.

तर रेवतीकडे मी का गेले होते? सिंगापुरातल्या मराठी मंडळींसमोर ती अप्पासाहेबांवर कार्यक्रम करणार होती. तिच्याकडची जुनी रेकॉर्ड खरखरत होती. कुणीतरी तिला सांगितलं की मी अशाच आवाजांवर काम करते. तिनं फाइल पाठवली आणि मी ती साफ करायला घेतली. फुकट. हेवा वाटत असूनही, की हेवा वाटत होता म्हणूनच, मला नीट माहीत नाही. तिच्या पणजोबांच्या गोष्टीत कुठंतरी हात घालायला मिळत होता.

गाणं तीन मिनिटांचं. शेवटाकडे सगळा ऑर्केस्ट्रा थांबतो आणि कॉर्नेट एकटा उरतो. एकच सूर. लांब. संपेल म्हणता म्हणता संपत नाही. मी खरखर काढली, टकटक काढली. खालून एक बारीक आवाज वर आला. सूं. मग थोड्या वेळानं पुन्हा सूं. नाकानं घेतलेला श्वास, आणि सूर तसाच चालू.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मग पुन्हा लावले. त्या दिवशी एमआरटीच्या गाडीत चोआ चू कांगपर्यंत तोच तुकडा ऐकत गेले. असा दम मी फक्त आमच्या घरात ऐकला होता.

पण बोलले नाही. स्वतःवरच विश्वास नव्हता. हे खरंच ऐकू येतंय की मी जळतेय म्हणून ऐकू येतंय? दुसऱ्याच्या घरात आपला बाप शोधणारी बाई. मला माझीच लाज वाटली.

फाइल द्यायला म्हणून मी तिच्याकडे गेले आणि टिश्यूचा तो प्रकार झाला. त्यानंतर रेवतीनं मला फोटोसमोर नेलं. आठ माणसं. सात जणांच्या हातात वाद्यं. मधोमध अप्पासाहेब, छातीशी कॉर्नेट. कॉर्नेटच्या फुंकायच्या टोकाला पांढरा हातरुमाल गुंडाळलेला.

"हा रुमाल कशाला?" मी विचारलं.

"स्टाइल होती ती त्यांची," रेवती म्हणाली.

डाव्या टोकाला आठवा माणूस होता. काळा, बारीक, गालांची कातडी सैल पडलेली. दोन्ही हात मोकळे. ते कुठं ठेवावेत हे कळत नसल्यासारखा उभा होता.

"आणि हा?"

"काय माहीत. सामान उचलणारा असेल."

त्याच संध्याकाळी तिचा मेसेज आला. फाइल मस्त झालीय. फक्त शेवटी ते सूं सूं येतंय ना, तेवढं काढ. सर्दी झाल्यासारखं वाटतं.

मी बाबांना फोन लावला. फोटोबद्दल, रेवतीबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. एवढंच विचारलं, गेनूआबाचा कधी फोटो काढला होता का?

"काढला होता म्हणायचे आबा," बाबा म्हणाले. "बोटीवर चढायच्या आधी. पण आबाच्या हातात काय नव्हतं त्यात. साहेबानं बाजा मागून घेतला फोटोपुरता. आन् आबाचं तोंड लागलेलं ना त्याला, म्हणून रुमाल गुंडाळून धरला. आबा सांगायचे आन् हसायचे."

"हसायचे?"

"मग काय करतील?"

मी फोन ठेवला. गेनू हसला. बाबा गप्प बसले. मी "हो ना" म्हणाले. चार पिढ्या आम्ही, त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, त्यांनाच सांभाळत आलो. वाजवणारा माणूस वाजवायच्या जागेवर फडकं बांधत नाही. रेवतीच्या घरात तीन पिढ्या हा फोटो रोज बघितला गेला आणि ते कुणाला दिसलं नाही. दिसणार कसं? उष्टं लागू नये म्हणून रुमाल धरायचा हे त्यांना इतकं सवयीचं, की त्याची स्टाइल झाली.

रविवारी दुपारी चारला कॉन्डोच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. बाजूला स्विमिंग पूल. पुण्या-मुंबईचे इंजिनियर, मॅनेजर, विद्यापीठातली पोरं. बटाटेवडे. पडद्यावर तो फोटो मोठा करून लावलेला. रेवती छान बोलली. काठपदराची साडी, हातात माइक. "आमच्या रक्तात जॅझ आहे," म्हणाली. टाळ्या पडल्या. मी मागे लॅपटॉपपाशी होते. मी गाणं लावलं.

सूं मी काढलं नव्हतं. उलट मोकळं केलं होतं. मोठ्या स्पीकरवर ते हॉलभर झालं. जुना, मेलेला माणूस सगळ्यांमध्ये बसून नाकानं श्वास घेत होता. लोक एकमेकांकडे बघू लागले. रेवतीनं मागं वळून माझ्याकडे बघितलं.

गाणं संपल्यावर आभार मानायला तिनं मला पुढं बोलावलं. तिनं माइक दिला आणि मी घेतला.

म्हणाले, हा जो श्वास तुम्ही ऐकलात तो अप्पासाहेबांचा नाही. फोटोत डावीकडून पहिला जो माणूस आहे, मोकळ्या हातांचा, त्याचा आहे. त्याचं नाव गेनू. तो माझा पणजोबा.

कुणीतरी हसलं. मग हसायचं नाही हे त्याला कळलं.

हॉकर सेंटरमधल्या टपरीवर उसाच्या रसाबरोबर मिळालेली स्ट्रॉ मी पर्समध्ये टाकून आणली होती. टेबलावर पाण्याचा ग्लास होता. स्ट्रॉ त्यात बुडवली आणि फुंकायला लागले. माइक ग्लासाजवळ धरला. एक मिनिट. दीड. दोन. मध्ये मध्ये तेच सूं. बुडबुडे तुटले नाहीत. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं, मी दिसायला अगदी हास्यास्पद असणार. थांबले तेव्हा पूलवरच्या पोरांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

मग मी रुमालाची गोष्ट सांगितली. बाबांच्या शब्दांत, होती तशी. आणि म्हणाले, "ज्याला या कॉर्नेटला तोंड लावायचं नव्हतं तो माणूस हा वाजवणार कसा?"

रेवतीची आई उठून उभी राहिली. "कला सगळ्यांची असते. त्यात जात कशाला आणतेस?"

"मी नाही आणली. त्या रुमालात होती."

रेवती माझ्याजवळ आली. "तू जळतेस माझ्यावर. पहिल्यापासून."

"हो," मी म्हणाले. "जळते."

माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं. बरं झालं ऐकलं. हेवा लपवण्यातच माझी निम्मी ताकद जात होती.

त्यानंतर मंडळींच्या ग्रुपमध्ये माझं नाव उरलं नाही. दोघा-तिघांनी वेगळे मेसेज करून "बरोबर बोललीस" म्हटलं आणि खाली लिहिलं, हे आपल्यातच ठेव. कॉर्नेट रेवतीच्या काचेच्या कपाटात आहे. फोटो तिच्या भिंतीवर आहे. मी मोबाइलवर त्या फोटोचा फोटो काढला होता, त्यातला डावा कोपरा कापून बाबांना पाठवला. बाबांनी विचारलं, एवढाच आलाय का? हो म्हटलं, एवढाच.

परवा रेवतीचा मेसेज आला. शांत, गोड. ती अप्पासाहेबांची रेकॉर्ड नेटवर टाकणार आहे. झालं गेलं विसरून मी सूं काढलेली फाइल पाठवावी. आभारात माझं नाव ती घालेल. गेनूचं? अशा तोंडी गोष्टींना पुरावा नसतो, लिहिलंय.

तो श्वास काढणं कठीण नाही. दहा मिनिटांचं काम आहे. मला येतं, आणि ज्यांना येतं त्यांच्यातल्या दुसऱ्या कुणाकडून ती ते करूनही घेईल. घेऊ दे. मी फाइल नेटवर टाकली, श्वासासकट, आणि नावाच्या जागी लिहिलं: कॉर्नेट, गेनू. खाली बाबांची गोष्ट, रुमालासकट. तिला लिंक पाठवली. दुसरं काही लिहिलं नाही.

मला अजूनही तिचा हेवा वाटतो. तो जायचा नाही आणि मी त्याला घालवणारही नाही. पण माझ्या हातानं तो श्वास पुसला जाणार नाही.