गुळव्याचं नाक आणि कोबेची व्हिस्की

गाडी सुटायला अजून अवकाश होता, तरी आबा, माझे वडील, फलाटावरच्या बाकावर बसायला तयार नव्हते. एक काहील उतरवून दुसरी चढायच्या आत ते आमच्या गडमुडशिंगीहून कोल्हापूरच्या स्टेशनावर आले होते. धोतरावर पाकाचे वाळलेले थेंब तसेच होते. अक्का, माझी थोरली बहीण, पदराने डोळे पुसत होती. आबांनी फडक्यात बांधलेला गुळाचा खडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "काय बी खायाचं झालं तर आदी नाक लाव, मग जीब. परक्या मुलखात पोट बिघडाय नगं." एवढंच बोलले. गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं, तर ते पाठ फिरवून चालू लागले होते.

संस्थान विलीन होऊन दोन वर्षं झाली होती. मी बी.एस्सी. होऊन इंग्रजी टायपिंग शिकलो होतो आणि ओळखीतून जपानात कोबे बंदरावर, जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका हिंदी व्यापाऱ्याकडे कारकुनाची नोकरी मिळाली होती. आबा पंचक्रोशीतले नावाजलेले गुळव्या. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची अंगणाएवढी पसरट कढई. ती कधी उतरवायची हे गुळव्या सांगतो, आणि तो चुकला तर शेतकऱ्याचा वर्षाचा घाम वाया जातो. माझ्यानंतर काहिलीवर उभं राहणारं घरात कुणी नव्हतं. तरी आबांनी मला अडवलं नाही. हे मला त्या वेळी साधं वाटलं. आता वाटत नाही.

कोबेत सामान म्हणजे दोर, साबण, तांदूळ, आणि निम्मं गोदाम भरून व्हिस्की. जहाजांवरच्या साहेबांना स्कॉच लागायची, आणि लढाईनंतरच्या त्या दिवसांत स्कॉचच्या लेबलाखाली काहीही विकलं जायचं. एकदा एक बाटली फुटली. मी फरशी पुसता पुसता म्हणालो, की यात नुसतं स्पिरिट आणि जाळलेली साखर आहे. तपासलं तर खरंच निघालं. शेटनी त्याच दिवशी मला टाइपरायटरवरून उठवून मालाच्या तपासणीवर बसवलं.

मी शेफारलो. पुढच्याच महिन्यात स्कॉचची बारा खोकी आली. पहिली बाटली उघडली आणि माझ्या नाकाने सांगितलं, हा माल लागलेला आहे. आमच्याकडे काहिलीच्या बुडाला पाक लागला की सगळ्या गुळाला धुराचा वास येतो, आणि तो गूळ बाजारात कुणी हातात धरत नाही. मी बाराही खोक्यांवर खडूने फुल्या मारल्या आणि परत धाडायला बाजूला लावली. गोदामाचे प्रमुख हायाशी-सान आले. हे म्हातारे गृहस्थ लढाईपूर्वी व्हिस्कीची लाकडी पिंपं बांधत असत. त्यांनी फुल्या पाहिल्या, एक बाटली हुंगली आणि खाली बसून हसले. तो धूर मुद्दाम आणलेला होता. स्कॉटलंडात दलदलीतली माती शेणीसारखी कापून वाळवतात आणि तिच्या धुरावर सातू सुकवतात. आमच्या गोदामात आलेला तो सगळ्यात उत्तम माल होता आणि मी तो भंगारात काढला होता.

लाज वाटली, त्याहून राग आला. ज्या नाकावर मी एवढा फुगलो होतो, ते फक्त गुळापुरतं होतं तर. मी ठरवलं, हे शिकायचं, आणि अर्धवट नाही.

मग दर रविवारी दुपारी हायाशी-सानांच्या घरी आमची बैठक सुरू झाली. समोर दोन पेले, एकात स्कॉच, एकात जपानी, आणि साध्या पाण्याची किटली. ते म्हणाले, थेंब तळहातावर घे, चोळ, मग हुंग. मी चमकलो. आबा पाकाचं हेच करायचे. वही घातली आणि तिच्यात माझ्याच भाषेत लिहू लागलो: काकवी, मळी, ओलं चिपाड, भाजलेला हरभरा. हायाशी-सानांना एकेक शब्द हातवाऱ्यांनी समजावताना घाम फुटायचा. प्यायलोच नाही असं म्हणणार नाही. पण पिण्यापेक्षा हुंगण्यात दुपार जायची, आणि उठताना पेल्यात बरीच उरलेली असायची.

माझं मत सांगतो. स्कॉच कोल्हापूरच्या पाहुण्यासारखी असते, दारातूनच मोठ्याने हाक मारते. जपानी व्हिस्की चप्पल काढून आत येते, बसते, आणि बऱ्याच वेळाने बोलते. तेव्हाच्या जपानी बाटल्यांत रंगवलेलं पाणीही पुष्कळ होतं, ते मी तोंडावर सांगायचो. पण लढाईत बाहेरून पिंपं येईनाशी झाली, तेव्हा तिथल्याच ओकच्या लाकडात भरून ठेवलेली थोडी व्हिस्की हायाशी-सानांनी एकदा दिली. तिच्यात काय होतं ते मला ओळखू येईना. वास ओळखीचा, घरचा, पण नाव सापडेना. चार रविवार गेले. वहीत त्या पानावर नुसती तारीखच राहिली.

आणि इकडे गावात बातमी पोचली. आपल्याकडे तेव्हा दारूबंदी. कुणीतरी आबांना सांगितलं, तुमचा शिवा दारूच्या वखारीत चवी घेत बसतो. आबा दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाणारे, सुपारीसुद्धा न खाणारे. अक्काच्या पत्रात त्यांचं एकच वाक्य होतं: "दारू हुंगणारं नाक माज्या काहिलीजवळ आणायचं न्हाय." त्यानंतर मी 'तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार' लिहून दोन वर्षं पत्रं पाठवली. उत्तर अक्काचंच यायचं. घरात ये म्हणाले असते तरी मला पुरलं नसतं. मला काहिलीजवळ जागा हवी होती.

गाव सोडल्यावर सहा वर्षांनी रजा मिळाली. बाटली नेणं शक्य नव्हतं आणि नेलीही नसती. निघताना हायाशी-सानांनी फडक्यात दोन लाकडाचे तुकडे दिले. एक जुन्या विलायती पिंपाचा, दुसरा जपानी ओकच्या पिंपाचा. मुंबईला कस्टमच्या माणसाने ट्रंक उघडून विचारलं, "हे काय?" म्हटलं, "लाकूड." त्याने ते उलटसुलट केलं आणि परत ठेवलं.

गुऱ्हाळ ऐन भरात होतं. अक्का म्हणाली, "आबा, शिवा आलाय." आबांनी काहिलीवरची नजर हलवली नाही. "व्हय, दिसलं. लांबच थांब म्हनावं." मी चिपाडाच्या ढिगापाशी उभा राहिलो. दुसऱ्या सकाळीही तिथेच उभा राहिलो. तिसऱ्या सकाळी ते दोन तुकडे त्यांच्या पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवले आणि मागे सरलो.

दोन काहिलींच्या मधल्या वेळात त्यांनी एक उचलला. हात धोतराला पुसला, लाकडावर तोंडाची वाफ सोडली, मग नाक लावलं. "ह्यो आतनं जाळलाय. मुद्दाम जाळलाय. वर मनुका हायत." दुसरा उचलला. या खेपेला डोळे मिटले. "आनि ह्यो वाडीचा की रं. दत्ताच्या गाभाऱ्यातला. चंदन न्हाय, पर चंदन उगाळल्याली सहाण."

सहाण. चार रविवार मला न सापडलेला शब्द तो होता. गप्प राहिलो असतो तर भागलं असतं, पण फसवून जागा नको होती. "आबा, ह्या लाकडात दारूच ऱ्हाती. धा-धा वर्सं. मी हुंगतो ती हीच."

काहिलीखालच्या चुलाणाचं तोंड दोन हातांवर होतं. त्यांनी तुकड्याकडे पाहिलं, जाळाकडे पाहिलं. मग तुकडा खांबाच्या खोबणीत सरकवला. "तुजं नाक बिघडलंय का न्हाय, ते काहील सांगंल. ये हिकडं."

नवी काहील चढली. रस उकळला, मळी निघाली, पाक पिवळा झाला, तांबूस झाला. वाफेत काही दिसत नव्हतं. गडी काहिलीच्या कड्यांना दांडे लावून माझ्या तोंडाकडे बघत होते. सहा वर्षांत शेकडो पेले हुंगलेलं नाक मी वाफेत धरलं. वास कच्चा होता, मग गोड, मग भाजका, आणि मग त्या भाजकेपणाच्या अगदी उंबऱ्याशी मी म्हणालो, "आता."

आबांनी पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला, गोळी वळली आणि काहिलीच्या काठावर मारली. टणकन आवाज आला. ते गड्यांकडे वळून म्हणाले, "उतरा रं. शिवा म्हंतोय न्हवं."

मी पुन्हा कोबेत आहे. इथेच राहणार आहे, हे आबांनाही ठाऊक आहे. तुमच्यापैकी जे परदेशी गेले आणि जे गावी राहिले, ते दोघेही मला विचारतात की घर कुठलं. कामावर पेला नाकाशी नेला की मी अजून मनात "आता" म्हणतो, आणि गडी काहील उचलतात. घर तिथे आहे. अक्का लिहिते, तो तुकडा अजून खोबणीत आहे. गुऱ्हाळावर येईल त्याला आबा तो हुंगायला देतात, "पावणं, सांगा बघू कसला हाय." कुणालाच येत नाही. मग ते स्वतःच सांगतात, "माज्या पोराच्या धंद्यातला हाय."