धाकट्याचं माप

आमच्या मंडळीत कबर खोदायला बाहेरचा मजूर लावत नाहीत. चर्चमधलेच पाच-सहा गडी खोदतात, आणि गेली वीस वर्षं त्यांत मी आहे. नियम दोनच. ज्याच्या घरी मयत झालंय त्यानं हत्याराला हात लावायचा नाही, त्यानं घरी बसून रडायचं. आणि शवपेटी करणारा सुतार पेटीच्या लांबीची एक काठी कापून पाठवतो, त्या काठीनंच आखणी करायची. नव्या पोरांना हे मी दरडावून शिकवलंय. धाकटा भाऊ गेला त्या दिवशी दोन्ही नियम मीच मोडले.

तो बिडकीनकडच्या एका कंपनीत फिटर होता. दुपारच्या सुट्टीत डबा उघडला, सोबतच्यांना म्हणाला, "जरा छातीत दुखतंय," आणि बाकावरच आडवा झाला. बस्स. त्रेचाळीस वर्षांचा गडी, ना कधी दवाखाना, ना गोळी. त्याच दिवशी सकाळी मला फोनवर म्हणाला होता, "दादा, रविवारी मटण मी आणतो, तू फक्त खायला ये."

दुसऱ्या दिवशी चारला दफन ठरलं. सकाळपासून पडेगावचं आमचं घर माणसांनी भरलं. जो तो माझा हात धरून एकच सांगत होता, देवाची लाडकी माणसं लवकर जातात. मंडळीतल्या पंच्याऐंशी वर्षांच्या एका काकांनी ते तिसऱ्यांदा म्हटलं आणि माझं डोकंच फिरलं. "मग काका, तुमच्याशी काय भांडण झालंय का देवाचं?" काका बिचारे चहाच्या कपात बघत बसले. आईनं डोळे वटारले. मी उठलो, चपला घातल्या आणि थेट कबरस्तान गाठलं.

खरं कारण वेगळंच होतं. मला प्रार्थना करता येत नव्हती. लोकांच्या दुःखात पुढं होऊन प्रार्थना करणारा मी, माझ्याच भावासाठी कालपासून तोंडातून शब्द फुटेना. देवाचा राग आला होता, साफ सांगतो. उपासनेत उद्यापासून नुसता बाकावर बसणारा माणूस होऊन जाईन, आतून कायमचा तुटेन, याची मला धास्ती बसली होती. तोंडानं जमत नाही तर हातानं काहीतरी करू, भावाची कबर मीच खोदणार, एवढं ठरवून गेलो.

मला बघून पोरं कुदळी खाली ठेवून उभी राहिली. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "अहो, तुम्ही इथं कशाला? आईजवळ बसा."

"साहेब, आईजवळ चाळीस बाया आहेत. पहार द्या इकडं."

एकानं सुताराची काठी पुढं केली. ती मी बाजूला सारली. "माझ्या भावाचं माप मला काठी सांगणार व्हय? खांद्यावर घेऊन फिरलोय मी त्याला." त्यानं काठी बाजूला टेकवून ठेवली. मी स्वतःच जमिनीवर आडवा झालो. डोकं मावळतीला, पाय उगवतीला, म्हणजे पुनरुत्थानाच्या दिवशी उठेल तेव्हा तोंड उजेडाकडं, अशी आमची पद्धत. डोक्याशी अन् पायाशी रेघ मारून घेतली, पायाकडं चार बोटं वाढवली, झालं माप.

आमच्याकडं दोन फूट मुरूम आणि खाली काळा खडक. मुरूम तासाभरात निघाला, मग पहार नुसती टणाटण उडायला लागली. कबरस्तानाला लागून एक मुस्लिम मिस्त्री राहतात, दगड फोडायचा त्यांचा धंदा. ते आवाज ऐकून आले. "दादा, मशीन लाऊं क्या? आधे घंटे में हो जाता." मी नाही म्हटलं. तरी ते गेले नाहीत. तिथंच उकिडवे बसले, आणि पहारीची धार गेली की काही न बोलता दुसरी माझ्या हातात देत राहिले. पोरांना मी फक्त घमेली उचलू दिली. तीन वाजेपर्यंत हाताचे फोड फुटले होते, पण हवी तेवढी खोली गाठली. वर आलो, नळावर हातपाय धुतले, घरून मागवलेला पांढरा शर्ट चढवला.

चारला पेटी आली. गीत सुरू होतं. दोरांवर पेटी उतरवायला घेतली, डोक्याची बाजू खाली गेली आणि पायाची बाजू काठावर अडकली. वर घेतली, सरळ केली, पुन्हा सोडली, पुन्हा अडकली. कबर वीतभर कमी पडली होती.

धाकटा माझ्याहून उंच होता. सोळाव्या वर्षीच त्यानं मला मागं टाकलं, माझे शर्ट त्याला आखूड व्हायचे. हे साऱ्या जगाला ठाऊक होतं, मलाही होतं. पण सकाळी आडवा होऊन माप घेताना माझ्या मनात होता तो माझं बोट धरून औरंगपुऱ्यात वह्या घ्यायला येणारा, माझ्या मापात सहज मावणारा पोरगा. कबर मी त्या पोराची खोदली होती.

"सकाळीच दिसलं होतं दादा," एक गडी हळूच म्हणाला, "पण तुम्हाला कोण बोलणार?"

पेटी बाजूला फळ्यांवर ठेवली. भावाच्या बायकोनं तोंडात पदर कोंबला. लोक कुजबुजायला लागले. जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं असं झालं. तेवढ्यात खुर्चीवर बसवलेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईचा आवाज आला. "उतर खाली. चुकलं तर चुकलं, नीट कर. त्याला काय आता ड्युटी गाठायचीय व्हय? थांबतोय तो." मग बायांकडं वळून म्हणाली, "तुम्ही काय बघत बसल्या? म्हणा गं पुढचं गीत."

मी पांढऱ्या शर्टानिशी खाली उतरलो. गर्दीच्या कडेला उभ्या मिस्त्रींकडं बघून म्हटलं, "चाचा, या. एकट्याला नाय जमत." ते छिन्नी आणि घण घेऊन उतरले. ते छिन्नी धरत, मी घण मारत होतो. वर एक गीत संपलं की दुसरं सुरू होई. मी रडत होतो, मोठ्यानं, नाक वाहत होतं, आणि घाव काही थांबवत नव्हतो. काठी मागून घेतली, लावून बघितली. बरोबर बसली.

आणि त्याच खड्ड्यात उभ्या उभ्या माझं तोंड उघडलं. सुंदर प्रार्थना वगैरे नव्हती ती, भांडणच होतं. "प्रभू, मला तुझा राग आलाय आणि तो एवढ्यात जाणार नाय. पण मी काम अर्धवट टाकलं नाय. चुकलो, पुन्हा उतरलो, केलं. निजवायचं काम माझं होतं. उठवायचं तुझं आहे. मी विसरणार नाय, तूबी विसरू नको."

गीत कधी थांबलं होतं कोण जाणे. सगळे ऐकत होते. वरून आई म्हणाली, "आमेन. आता वर ये, त्याला जागा दे."