टपावरचा तंबू आणि गल्लीतली शिडी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, याचा मला विचार करावा लागत नाही. माझ्या वहिनीचे. माझ्या मोठ्या भावाची ती बायको. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मी चढलो तो तिच्या एका वाक्यामुळे.

डोंगरगडला मी बारावी झालो तेव्हा बाबा रेल्वेत गँगमन होते. मलाही तिथेच रोजंदारीवर लावायचं त्यांनी ठरवलं होतं. दादा रायपूरला पंडरीत एका कापडाच्या ठोक दुकानात होता. लग्नाला वर्षच झालं होतं आणि तो वहिनीला घेऊन घरी आला होता. वहिनी सासऱ्यांसमोर बोलत नसे. ती दाराआड उभी राहिली आणि दादाला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी: "भाऊजीले आपल्यासंगं घेऊन चला. शिकू द्या. एक ताट जास्त लागन, अजून काय लागते?"

बाबा म्हणाले, "घ्या! सून तर वकील निघाली." आठवड्याभरात मी माझी पेटी घेऊन रायपूरला आलो.

पुरानी बस्तीत दादाच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. अंगण नव्हतं. वर गच्ची होती, पण तिला जिना नव्हता. घरमालकानं गल्लीच्या बाजूला भिंतीवर एक लोखंडी शिडी ठोकून दिली होती. उन्हाळ्यात सगळे पुरुष तिथून वर जाऊन झोपत. घरमालकाच्या घरच्या बायका त्यांच्या आतल्या चौकात झोपत. वहिनी खाली खोलीत झोपायची, खिडकीला ओली चादर टांगून.

मी गच्चीवर झोपायचो आणि अभ्यासही तिथेच करायचो. दादानं खालच्या खोलीतून वायर ओढून मला एक बल्ब लावून दिला होता. संध्याकाळी वहिनी छोट्या बालदीत माठाचं पाणी आणि कागदात थोडे फुटाणे ठेवायची आणि मागच्या खिडकीशी येऊन दोरी दोनदा ओढायची. मी वरून बालदी ओढून घ्यायचो. नळावरची रांग, रेशनची रांग, ही माझी कामं तिनं पहिल्याच आठवड्यात स्वतःकडे घेतली होती. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना राज्य वेगळं झालं आणि रायपूर राजधानी झाली. गल्लीतले लोक म्हणाले, आता भाडी वाढतील. वहिनी म्हणाली, "आता नोकऱ्या निघतील. तुम्ही वाचा." तिचं खरं निघालं आणि गल्लीचंही.

त्या दिवसांत रोज सकाळी चहा देताना ती मला एकच गोष्ट विचारायची. "काल वर वारा होता का?"

मी सांगायचो, होता. किंवा म्हणायचो, चादर उडून पलीकडच्या गच्चीवर गेली. ती माहेरची खबर ऐकावी तशी ऐकायची. मी तिला एकदा म्हटलंही, वहिनी, तुम्हीच चला ना वर एकदा. त्या संध्याकाळी ती खरंच शिडीशी गेली. दोन पायऱ्या चढली. समोरच्या ओट्यावर गप्पा मारत बसलेली माणसं गप्प झाली. सगळी शिडीकडे पाहू लागली. वहिनी उतरली आणि मला म्हणाली, "मले उंचीवर चक्कर येते." मी ते खरं मानलं. इतकी वर्षं मानत आलो.

पुढे मला नव्या राज्याच्या एका खात्यात नोकरी लागली. दादा-वहिनी बऱ्याच वर्षांनी गोंदियाला त्यांच्या मुलाकडे राहायला गेले. मी तेलीबांध्याला तलावासमोर फ्लॅट घेतला, पाचव्या मजल्यावर. ऑफिस नव्या रायपूरला. दौऱ्यांवर बस्तरला, सरगुजाला जाताना मी एक-दोनदा अशा गाड्या पाहिल्या की ज्यांच्या टपावरच तंबू उभा होता. शिडी लावायची, वर जायचं, आणि झोपायचं. मला लगेच ती गच्ची आठवली. घ्यायचाच, असं मी घरी जाहीर केलं.

माझी मुलगी मराठी समजते, उत्तर मात्र हिंदीत देते. तिनं मोबाइलवर चार-पाच व्हिडिओ दाखवून निकाल देऊन टाकला. "पापा, हार्ड शेल लो. सूटकेस जैसा खुलता है, एक मिनट में. दिखता भी मस्त है." बायकोनं एवढंच विचारलं, "ते घेऊन गाडी खालच्या पार्किंगमध्ये शिरेल का?" मी टेप घेऊन खाली गेलो आणि बीमची उंची मोजून आलो. शिरत होती, जेमतेम. मीही मनातून तो कडक पेटीचा हार्ड शेलच ठरवला होता.

त्याच सुमारास फाल्गुनात दादा-वहिनी आमच्याकडे राहायला आले. वहिनीचे गुडघे आता दुखतात. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. तिला जिने चढता येतात, पण एकेक पायरी, कठडा धरून. मी ठरवलं, या उन्हाळ्यात तिला एक रात्र त्या तंबूत झोपवायचं. पुढच्या उन्हाळ्यात जमेल की नाही, सांगता येत नाही. म्हणून दुकानात तिलाही नेलं, शिडी तिच्या पायाखाली घालून पाहावी म्हणून.

दादाला ही कल्पना मुळीच पटली नव्हती. रस्ताभर तो चालूच होता. "अबे, बँकेचे हप्ते फेडून राजधानीत फ्लॅट घेतला, अन् झोपाले गाडीच्या टपावर? अन् हिले काहून नेऊन राहिला? हिले तर उंचीवर चक्कर येते."

वहिनी खिडकीबाहेर पाहत राहिली.

दुकान म्हणजे गाड्यांना कॅरिअर, लाइट, सीटकव्हर लावून देणारं एक वर्कशॉप होतं, रस्त्याला लागूनच. दोन गाड्यांवर दोन तंबू उघडून ठेवले होते. दुकानदारानं मला आधी वजनाचं समजावलं. गाडी चालत असताना टप जितकं वजन सोसतो, त्यापेक्षा उभ्या गाडीचा टप कितीतरी जास्त सोसतो. म्हणून तंबूचं वजन चालत्या गाडीच्या हिशेबानं पाहायचं. झोपणाऱ्या माणसांची चिंता करायची नाही. हार्ड शेल त्यानं खरंच एका मिनिटात उघडून दाखवला. शिडीच्या पायऱ्या रुंद आणि चपट्या होत्या. अनवाणी पायालाही टोचणार नाहीत.

"चढा वहिनी," मी म्हटलं. "सावकाश. मी धरतो शिडी."

वहिनीनं चप्पल काढली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. डाव्या हातानं निऱ्या गोळा करून धरल्या, आणि मान वळवून मागे पाहिलं. मागे फाटकाशी सीटकव्हरवाले दोघं-तिघं उभे होते. त्यांच्यामागे रस्ता. तिनं पाय खाली घेतला.

"जाऊ द्या भाऊजी. मले चक्कर येते."

"मी म्हटलं नव्हतं?" दादा म्हणाला.

पण मी ते मान वळवणं आधी पाहिलं होतं. आणि आल्यापासून रोज सकाळी हीच वहिनी आमच्या पाचव्या मजल्याच्या गॅलरीत कठड्यावरून ओणवून तलावावर फिरायला आलेली माणसं पाहत होती. खालच्या भाजीवाल्याशी वरूनच भाव करत होती. तिला उंचीवर चक्कर येत नाही. कधीच येत नव्हती.

मी दुसऱ्या गाडीकडे गेलो. तिच्यावरचा तंबू जुन्या पद्धतीचा, नुसत्या कापडाचा होता. पुस्तकासारखा उघडायचा, आणि त्याचा अर्धा भाग गाडीच्या बाजूला बाहेर निघून शिडीवर टेकायचा. बाजूला कापडाची एक मोठी गुंडाळी पडली होती. मी विचारलं, ये क्या है?

"वो नीचे का कमरा है सर. चारों तरफ लटक जाता है, सीढ़ी अंदर आ जाती है. कोई लेता नहीं. अपने यहाँ की गर्मी में तो भट्टी बन जाएगा."

"लगा के दिखाइए," मी म्हटलं.

त्याला ते लावायला बराच वेळ लागला. एक चेन अडकली. मुलगी कंटाळून म्हणाली, "पापा, ये तो एकदम पुराना मॉडल है." दादानं गाडीभोवती एक फेरी मारली. "लग्नात आचाऱ्यासाठी असाच तंबू ठोकते," तो म्हणाला. शेवटी चारही बाजूंनी कापड जमिनीपर्यंत आलं आणि शिडी आत गेली. बाहेरून काहीच दिसेना.

मी वहिनीला म्हटलं, "तुम्ही आत जा. चेन आतून लावता येते. चढावंसं वाटलं तर चढा, नाहीतर नुसतं पाहून या."

तिनं माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग आत गेली आणि चेन लागल्याचा आवाज आला. आम्ही बाहेर उभे होतो. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग एक पायरी वाजली. मग बऱ्याच वेळानं दुसरी. एकदा ती "अगं आई" म्हणाली, आणि दादा पुढे धावायला निघाला, तर मुलीनं त्याचा हात धरला. "बड़े पापा, रुको ना." दादा थांबला.

वरची जाळीची खिडकी उघडली आणि वहिनीचं डोकं बाहेर आलं. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला होता. तिनं तो सावरला नाही.

"अहो!" ती दादाला म्हणाली, "तुमचं टक्कल केवढं मोठं झालं! इथून पुरं दिसते!"

दादानं चटकन डोक्यावर हात ठेवला. सीटकव्हरवाले, दुकानदार, मुलगी, सगळे हसले. वहिनी सगळ्यात जास्त हसली. मग ती आत सरकली, आणि आम्हाला फक्त गादीचा आवाज आला. ती आडवी झाली होती. दुकानदारानं चहा मागवला. चहा आला, थंड झाला, तरी ती खाली उतरली नाही. दादा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "हाच घे बे."

मी तोच घेतला. मुलीनं दुकानदाराला फक्त एवढंच विचारलं, "भैया, ये और कौन से कलर में आता है?"

नवीन नग मागवून बसवायला तीन-चार आठवडे लागणार होते, आणि दादा-वहिनींचं परतीचं तिकीट आधीच काढलेलं होतं. ते गोंदियाला गेले. फोनवर मी या म्हटलं, तर वहिनी म्हणाली, मी आता कशाला, पोरीलेच झोपवा त्यात. फोनवर ती नेहमीच नाही म्हणते. पत्राला नाही म्हणायचं तर तिला बसून पत्र लिहावं लागेल. म्हणून तंबू बसला त्याच दिवशी मी तिला हे पाठवलं:

*वहिनी,*

*तुमच्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.*

*तंबू आला आणि गाडीवर बसला. पार्किंगमध्येही शिरला. रंग पोरीनं ठरवला, मातकट हिरवा. खालचा कापडी कमराही घेतला आहे. दुकानदार म्हणाला तशी भट्टी होऊ नये म्हणून माणूस वर गेलं की तो गुंडाळून ठेवायचा, आणि सकाळी उतरायच्या आधी पुन्हा सोडायचा. मी आणि पोरीनं करून पाहिलं, जमते. चेनला मेण लावलं, आता अडकत नाही. शिडीला दोन्ही बाजूंनी धरायला जाड दोर बांधून घेतला आहे. उजवा पाय आधी वर टाकू नका, डावा टाका.*

*माझ्या ऑफिसमधल्या एकाचं महानदीच्या काठी शेत आहे. तिथं गाडी लावायला त्यानं हो म्हटलं आहे. चैत्र संपायच्या आत या. मग ऊन वाढेल आणि नंतर तुमच्या ऑपरेशनची तयारी सुरू होईल.*

*दादाला सांगा, त्याची सोय खाली खाटेवर केली आहे. तो पुष्कळ वर्षं वर झोपला. मीही खालीच झोपेन.*

*एक छोटी बालदी आणि दोरी घेऊन ठेवली आहे. पाणी लागलं तर वरून दोरी दोनदा ओढा. मी भरून देईन. फुटाणेही ठेवीन.*

*मला शिकवलंत, त्याबद्दल तुम्हाला कधी काही म्हणता आलं नाही. आताही येत नाही. तुम्ही या.*

*सकाळी खाली उतरलात की मी तुमच्या हातात चहा देईन, आणि विचारीन, काल वर वारा होता का.*

*तुमचा धाकटा दीर*